छत्तीसराव

आमच्या शहरात हल्ली प्रत्येक कॉलनीत एक छत्तीसराव सापडतात. सिडकोत दोन-तीन तरी असतील, उस्मानपुऱ्यात एक आहेत, आणि ज्योतीनगरातले माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. वय पन्नाशीच्या अलीकडचं. नोकरी वाळूजला, बहुधा क्वालिटीत. घरात चार स्मार्टफोन, चारही चांगल्या कॅमेऱ्याचे. आणि गळ्यात पेंटॅक्स के 1000. हा कॅमेरा 1976 साली बाजारात आला आणि 1997 साली बंद झाला, हे तुम्ही न विचारताही कळतं. नाव कॉलनीतल्या पोरांनी ठेवलं, कारण रोलमध्ये फोटो छत्तीस आणि बोलण्यात दुसरा आकडा नाही.

कोडॅकने 2012 साली दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा छत्तीसरावांकडे कॅमेराच नव्हता. नंतर कधीतरी, बहुधा अपराधी वाटून, त्यांनी कंपनीला हातभार लावायचं ठरवलं असावं. रंगीत रोल हजार-बाराशेला पडतो. पूर्वी गुलमंडीवर रोल टाकला की संध्याकाळी फोटो हातात पडत. आता तो कुरिअरने मुंबई-पुण्याला जातो. तिथे धुलाई आणि स्कॅनचे पाचेकशे, जाण्यायेण्याचे वेगळे. छत्तीसने भागलं की एका फोटोला पन्नास रुपये. आपल्या बीबी का मकबऱ्याचा खर्च 6,68,203 रुपये 7 आणे असा थेट आण्यापर्यंत सांगितला जातो. अशा गावच्या माणसाने हिशेब ठेवायलाच हवा. छत्तीसराव ठेवतातही, एका जुन्या डायरीत, तारीखवार. फक्त बेरीज करत नाहीत.

पन्नास रुपयांची खूणगाठ मनात असल्यामुळे खटका दाबण्याआधी ते विचार करतात. फार विचार करतात. माझं निरीक्षण असं आहे की हा जगातला सर्वांत खर्चिक चिक्कूपणा असावा. बाकीचे लोक पैसे वाचावेत म्हणून काटकसर करतात; छत्तीसराव काटकसर करायला मिळावी म्हणून पैसे घालवतात. याचं मूळ लहानपणात आहे. वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता. रोलमध्ये बारा फोटो, त्यातले चार गणपतीत, तीन मुंजीत, दोन दिवाळीत, आणि उरलेल्यांसाठी कोणाचं तरी लग्न ठरायची वाट. रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही हा घरचा कायदा. कधी रोल परदेशी, कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’. तेव्हाची ती ओढाताण नाइलाजाची होती. आता पगार बरा आहे, मोबाइलमध्ये फोटो फुकट आहेत, ओढाताणीला जागाच उरलेली नाही. म्हणून ती विकत आणावी लागते.

रोल राहतात फ्रिजच्या दारात, कैरीच्या छुंद्याशेजारी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवले तर रंग उतरतात, हे वहिनींनाही आता पाठ आहे. पाहुणे आले की त्या बजावतात, “डावीकडच्या डब्या उघडू नका, खायच्या नाहीत.”

सहलीचे नियमही रोल ठरवतो. विमानतळावरच्या एक्स-रेने, त्यातून नव्या सीटी मशीनने, फिल्म धुरकट होते. म्हणून छत्तीसरावांचं कुटुंब केरळला रेल्वेने गेलं, काश्मीरलाही रेल्वेनेच. परतताना वहिनी म्हणाल्या, “अहो, त्या रोलला एक्स-रे चालत नाही, आणि माझ्या कमरेचा काढायची वेळ आली.”

अजिंठ्याला गेलं की छत्तीसरावांच्या अंगात मेजर रॉबर्ट गिल येतो. मद्रास आर्मीतला हा अधिकारी 1844 मध्ये चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला आणि या भागातच मुरला. वर्षानुवर्षं खपून काढलेल्या नकला विलायतेला गेल्या आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक 1885 मध्ये लंडनच्याच दुसऱ्या आगीत गेल्या. तेव्हापासून म्हणा किंवा ते वाचल्यापासून म्हणा, छत्तीसरावांची निगेटिव्ह गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या वरच्या खणात असतात. गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला आणि 1864 साली त्याच्या शंभर स्टिरिओ फोटोंचं पुस्तक लंडनला निघालं. “त्या काळी काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा,” छत्तीसराव फर्दापूरच्या बसमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतात. “केवढी चिकाटी!” वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणतात, “गिलला त्याचा पगार होता.”

लेण्यात फ्लॅशला बंदी आहे, आणि ती हवीच. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मग पहिल्या लेण्याच्या अंधारात पद्मपाणीसमोर छत्तीसराव खांबाला पाठ टेकून, कोपर बरगडीत रुतवून, श्वास रोखून उभे राहतात. सेकंदभराचं एक्स्पोजर. शेवटी सुरक्षारक्षकच काळजीने विचारतो, “चाचा, तबियत ठीक है ना?” तेवढ्यात श्वास सुटतो आणि पन्नास रुपये हलतात.

परवाच्या भाऊबीजेनंतर पुण्याहून साडू सहकुटुंब आले, तेव्हा गाडीत एक जागा उरली म्हणून मलाही नेलं. सकाळी देवगिरी, दुपारनंतर वेरूळ. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन दुपारनंतर आत येतं. सबब जेवण उजेडाच्या सोयीने. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, हे सगळं पाहून वार निवडला होता. रोल ब्लॅक अँड व्हाइट, कारण तो घरी धुता येतो आणि धुलाई वाचते. (ही धुलाई वाचवायला टाकी, काळी पिशवी, डेव्हलपर, फिक्सर आणि दोन थर्मामीटर आणले आहेत. डायरीत नोंद आहे.) वेरूळच्या रोलचं गणितही तयार होतं: लेणी चौतीस, फोटो छत्तीस. उरलेल्या दोनांपैकी एक सर्वांचा एकत्र, एक राखीव.

देवगिरीच्या पायऱ्यांवर पंधराव्या फोटोला रोल अडकला. लिव्हर पुढे जाईना, मागे येईना. उजेडात कॅमेरा उघडला तर पंधराही फोटो गेले. आणि काळी पिशवी घरीच राहिली होती, कारण तिच्या जागी वहिनींनी चकल्यांचा डबा ठेवला होता. छत्तीसराव क्षणभर थांबले आणि मग त्यांचा चेहरा उजळला. “अंधारी!”

यादवांच्या या किल्ल्यातली अंधारी म्हणजे शत्रूला गोंधळात पाडायला कातळातून काढलेली वळणावळणाची वाट. शत्रूचं माहीत नाही, छत्तीसरावांनी मात्र आत शिरताच बैठक मारली. मी आणि साडू दोन्ही बाजूंना पहाऱ्याला. पण दिवाळीची सुट्टी होती. पाच मिनिटांत एका बाजूने कुठल्या तरी शाळेची सहल आली, दुसऱ्या बाजूने एक मोठं कुटुंब, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइलची बॅटरी. “बॅटरी बंद करा! बॅटरी बंद करा!” खालून आवाज आला. पोरं किंचाळली. एक आजीबाई रामरक्षा म्हणू लागल्या. साडू बिचारे हात जोडून सगळ्यांना सांगत होते, “काही नाही हो, आमचे साडू रोल बदलायलेत.” पुण्याचा माणूस दोन दिवसांत ‘बदलायलेत’ म्हणू लागला, इतका तो घाबरला होता. अखेर वटवाघळांच्या साक्षीने जुना रोल काळ्या डबीत गेला आणि नवा, चाचपडत, कॅमेऱ्यात.

वेरूळला छत्तीसराव वेगळेच दिसत होते. कैलास लेण्याला एरवी दोनाचे तीन फोटो होऊ द्यायचे नाहीत, त्या दिवशी सात घेतले. सासूबाईंचा घेतला. भाच्यांचा घेतला, तोही “हसू नका” न म्हणता. आकडा पस्तिसावर गेला, छत्तिसावर गेला, आणि लिव्हर पुढे सरकतच राहिला. सदतीस. “एखादा जास्त निघतो कधीकधी,” ते खुशीत म्हणाले. अडतीस. एकोणचाळीस. फुकटचे फोटो! माझ्या ओळखीत त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं निखळ समाधान कधी पाहिलं नव्हतं. विश्वकर्मा लेण्याबाहेर त्यांनी माझाही फोटो काढला, एक्केचाळिसावा. वहिनी बाजूला उभ्या राहून कॅमेऱ्याची डावीकडची चकती पाहत होत्या. लिव्हर ओढला की ती फिरायला हवी. इतक्या वर्षांत त्यांनाही हे माहीत झालं होतं. ती फिरत नव्हती. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी चकल्यांचा डबा उघडला.

साडूंच्या मुलाने खुलताबादच्या आत दोनशे फोटो ग्रुपवर टाकले, मंडळी ते बघून पुण्याला पोचलीही. इकडे छत्तीसराव नळाच्या पाण्याची वाट बघत होते. रोल धुवायचा मुहूर्त महापालिका ठरवते. नाथसागर उशाला असून आमच्याकडे पाणी कित्येक दिवसांनी येतं. तशी इलफोर्डने कमी पाण्यात रोल खळबळायची पद्धत दिलेली आहे: टाकी भरून पाच वेळा उलटीसुलटी, नवं पाणी, दहा वेळा, पुन्हा नवं पाणी, वीस वेळा. कंपनी विलायतेची, पण ही युक्ती नक्की मराठवाड्यातल्या कोणीतरी कळवली असणार. ब्लॅक अँड व्हाइटला पाणी वीस अंश लागतं, ते बर्फ घालून जमवायचं. रंगीत धुलाईला मात्र अडतीस अंश हवेत, आणि मे महिन्यात आमच्या गच्चीवरची टाकी तेवढं विनाखर्च देते. निसर्गाने या भागाला दिलेली एवढी एकच सवलत माझ्या माहितीत आहे.

पाणी आलं. रोल धुतले. पहिल्या रोलवर पंधरातले नऊ फोटो शाबूत होते, बाकीच्यांवर कोणाच्या तरी मोबाइलचा उजेड होता. दुसरा रोल या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ. छत्तीसरावांनी तो खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. “डेव्हलपिंग बघा काय एकसारखं झालंय,” ते मला म्हणाले. “एक डाग नाही.” मग त्याच्या सहा-सहाच्या पट्ट्या कापल्या, पाकिटावर ‘वेरूळ, दुपारी चार’ लिहिलं आणि दागिन्यांच्या वरच्या खणात ठेवलं. नऊ फोटो स्कॅन करून व्हॉट्सॲपवर पाठवले. तिथे ते इतके दाबले गेले की भाच्याने विचारलं, “काका, हा कोणता जुना मोबाइल?”

डायरीत त्या रोलपुढे प्रतिफोटो दराचा रकाना मोकळा आहे. क्वालिटीतला माणूस, शून्याने भागता येत नाही हे जाणतो. पण त्यातून धडा घेऊन त्यांनी खर्च कमी करायचं मनावर घेतलं आहे. शंभर फूट फिल्मचा अख्खा डबा मागवला आहे, त्यातून घरीच रोल भरायचे. अठरा रोल सहज निघतात, म्हणजे सहाशे अठ्ठेचाळीस फोटो, आणि दर जवळपास निम्मा. पुढच्या दिवाळीला आठ दिवस काढूनच या, असं त्यांनी साडूंना कळवलं आहे. साडूंचं अजून उत्तर आलेलं नाही.