केवढ्याला पडली?

भिगवणला उजनीच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरले की काठावर गाड्यांतून लांबलचक लेन्सही उतरतात आणि अनोळखी माणसं एकमेकांशी बोलू लागतात. विषय पक्षी नसतो. ‘कितीची आहे हो?’ या प्रश्नाला ‘सहाशे एमएम’ असं उत्तर मिळालं की विचारणारा हिरमुसतो. त्याला आकडा रुपयांत हवा असतो. ही निव्वळ जिज्ञासा, असं कुणी म्हणेल. मग लाखाचा मोबाइल मिरवणाऱ्याला कुणी का हटकत नाही? ओळखी होतात हे मात्र खरं, फक्त नाव विचारायचं राहून जातं. लायका कॅमेऱ्यांचे काही मालक त्यांवरचा तो प्रसिद्ध लाल ठिपका काळ्या चिकटपट्टीने झाकतात, म्हणे लक्ष वेधू नये म्हणून. जाणकार नेमका चिकटपट्टी बघूनच गप्पांना येतो.