तोंडाचं गाळप: नवशिक्यांसाठी

तात्यासाहेब कोरे यांनी माळावर उभ्या केलेल्या वारणेच्या साखर कारखान्याचं धुराडं दिवाळीच्या सुमारास पेटतं आणि उन्हाळा लागला की थंडावतं. भावा, तुझं धुराडं बारमाही चालवायचंय, हे आधी डोक्यात घे.

शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत सिगारेटच्या विक्रीला बंदी आहे, तेव्हा शेजारच्या कोडोली गावाच्या बाजूला चार पावलं जास्त चाल. तेवढाच व्यायाम. पाकिटावरच्या चित्राकडं बघू नकोस. ८५ टक्के जागा त्यानंच अडवली आहे, म्हणून किंमत शोधायला वेळ लागतो.

आता पेटव. निकोटीननं कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा धरतो, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तशी. ऑक्सिजन बिचारा दांडीला लोंबकळत राहतो. चेहऱ्याचा तजेला जाऊन चिपाडाचा रंग यायला लागला, की समजायचं उतारा चांगला पडतोय. कातडी ताणून धरणारं कोलॅजन झिजतं, नवं कमी तयार होतं. चरकातून दोनदा काढलेला ऊस बघितला असशीलच.

ओठांकडं मात्र जातीनं लक्ष दे. आरशासमोर उभा राहा आणि रिकामाच झुरका ओढ. ओठांचा चंबू झाला, की वरच्या ओठावर उभ्या बारीक घड्या पडतील, आजीच्या बटव्याची नाडी ओढल्यावर पडतात तशा. आत्ता त्या लगेच मोडतात. पण एका सिगारेटला दहा झुरके धरले तरी वीसच्या पाकिटामागं हा सराव २०० वेळा होतो. धूर झोंबला की डोळा बारीक कर. कोपऱ्यातल्या सुरकुत्या त्याच खर्चात निघतात. ब्रिटनमधल्या डग्लस मॉडेल या डॉक्टरांनी १९८५ साली अशा चेहऱ्याला ‘स्मोकर्स फेस’ म्हटलं. म्हणजे मालाला इंग्रजी नावही आहे.

बोटं पिवळी पडतील. लोक निकोटीनला नावं ठेवतात, पण डाग खरा डांबराचा. मुलगी बघायला जाशील तेव्हा पोह्यांची बशी डाव्या हातानं घे. आणि जुळा भाऊ असेल, तो ओढत नसेल, तर त्याला सोबत नेऊ नकोस. अमेरिकेत ट्विन्सबर्गच्या जुळ्यांच्या मेळ्यात अशा जोड्यांचे फोटो शेजारी ठेवून बघितले. २०१३ साली आलेल्या त्या अभ्यासात ओढणाऱ्याच्या डोळ्यांखालच्या पिशव्या आणि ओठांवरच्या घड्या जास्त दिसल्या.

एक धोका आहे. मध्येच सोडलीस तर एक-दोन दिवसांत कार्बन मोनॉक्साइड सीट सोडून उतरतो आणि काही आठवड्यांत रक्त पुन्हा कातडीपर्यंत पोचायला लागतं. खोल गेलेल्या घड्या तेवढ्या राहतात, पण रंगावरची मेहनत मातीत.

नेटानं चालू ठेवलीस तर तिशी गाठायच्या आतच सलूनमधला पोरगा मानेला टॉवेल गुंडाळून विचारेल, “काका, डाय लावायचा का?”