साहेब माडीवर उतरलेत

महाराष्ट्रात कर्जतं दोन. एक रायगड जिल्ह्यातलं, बोरघाटाच्या पायथ्याशी. तिथं मुंबईची लोकल जाते, पावसाळ्यात धबधबे असतात आणि दर दोन शेतांआड एक फार्महाऊस असतं, त्यात निळ्या फरशीचा पोहण्याचा हौद. दुसरं आमच्या नगर जिल्ह्यातलं. इथं रेल्वे नाही, घाट नाही, आणि दुष्काळी तालुक्यात पोहण्याच्या हौदाची गोष्ट कुणी काढलीच तर त्याला ऊन लागलंय असं समजून आधी सावलीत बसवतात. मोबाइलवर ‘कर्जत, सुट्टीसाठी घर’ असं टाकलं की पहिलंच कर्जत येतं. पानामागून पानं हौद. मला दुसरं हवं होतं.

ते मिळालं एका जाहिरातीत. ‘ऐतिहासिक वस्ती. शहराच्या हृदयात. संपूर्ण घर तुमचंच. प्रेक्षणीय स्थळे हाकेच्या अंतरावर.’ जाहिरात लिहिणारा हिंजवडीत नोकरी करतो आणि घरात त्याची आजी राहते, एवढा तपशील जाहिरातीतून तेवढा सुटला होता.

मी पुण्याहून सोलापूर रस्त्यानं भिगवण, तिथून भीमा ओलांडून राशीन, मग कर्जत असा निघालो. राशीनला जगदंबेच्या देवळातली हलती दीपमाळ पाहिली. एवढी थोरली दीपमाळ, पण हलवली की हलते. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाला याचं अप्रूप वाटतं.

कर्जतच्या जुन्या गावठाणात, गोदड महाराजांच्या देवळाच्या बाजूला, बोळ संपतो तिथं वाडा. खाली ओसरी, दगडी जोतं, वर माडी, त्यावर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा थर. ही माती पाणी धरून ठेवते पण खाली गळू देत नाही, म्हणून पावसाच्या तोंडावर ती नव्यानं टाकायची असते. माडीच्या छताला उजेडासाठी एक भोक, त्याला साणं म्हणतात. बोळातली माळवदं एकमेकांना लागून असल्यानं शेजारपाजार रस्ता सोडून वरूनच ये-जा करतो. ‘संपूर्ण घर तुमचंच’ या वाक्यात छत धरलेलं नव्हतं.

आजींनी मला आपादमस्तक पाहिलं.

“कोणत्या कामानं आलाय म्हणायचं?”

“काम नाही आजी. सुट्टी आहे. राहायला आलोय.”

“राहायला म्हणजे, बदली होऊन?”

“नाही. नुसता राहायला.”

“लग्न आहे कुणाचं?”

“नाही.”

“तारीख आहे का कोर्टात?”

कर्जतला परगावचा माणूस येतो तो तहसिलीत, कोर्टात, बाजाराला, लग्नाला किंवा यात्रेला. काहीच नसताना, वर पैसे मोजून, एकट्यानं येऊन राहणारा माणूस पोलिसांच्या यादीतला तरी असणार, नाहीतर बायकोनं काढून दिलेला. आजींना बहुधा दुसरं पटलं, कारण त्यांनी पुढचं काही विचारलं नाही आणि चहात साखर जास्त घातली.

अडचण त्यांची निराळीच होती. परक्या माणसाला पैसे घेऊन घरात ठेवलंय, हे बोळाला सांगायचं कसं? पाव्हण्याकडून भाडं घेणं म्हणजे पंगतीत ताटावर पावती फाडणं. तेव्हा त्यांनी समोरच्या काकूंना माझ्यादेखत सांगून टाकलं, “नातवाच्या हापिसातले साहेब आहेत.” मी आयुष्यात कुणाचा साहेब झालेलो नाही, म्हणून मी विरोध केला नाही.

संध्याकाळपर्यंत देवळापाशी मी पुण्याचा साहेब झालो होतो. किराणा दुकानात पोचेपर्यंत बँकेचा. सकाळी मी डोळे उघडले तर साण्यातून एक अनोळखी चेहरा खाली वाकून पाहत होता. “झोपू द्या, झोपू द्या,” तो म्हणाला, “साहेब उठलेत का तेवढं बघत होतो.”

युरोपातल्या जुन्या शहरांत नेमकं उलटं झालंय म्हणे. बार्सिलोनात जुन्या वस्तीतली घरं सुट्टीवाल्यांना भाड्यानं द्यायची इतकी चढाओढ लागली की स्थानिकांना भाडं परवडेना. तिथल्या महापौरांनी २०२४ साली जाहीर केलं की दहा हजारांवर पर्यटक-घरांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपवणार. त्याच वर्षी जुलैत चिडलेल्या लोकांनी हॉटेलात जेवत बसलेल्या पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. कर्जतला हा निषेध परवडणार नाही. इथं आषाढात कुणी पाव्हण्याच्या अंगावर पाणी उडवलं, तर आधी त्या पाण्याची चौकशी होईल.

बोळाच्या समाधानासाठी मी प्रेक्षणीय स्थळं पाहायला निघालो. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जवळच आहे; १९८० साली झालेलं, सव्वादोन चौरस किलोमीटरही पुरतं भरत नाही एवढं. काळवीट मात्र झकास. नर काळा, शिंगं पीळदार, आणि पळायला लागला की जमिनीशी त्याचा संबंध नावापुरता. परतल्यावर मी हे रंगवून सांगितलं तर समोरचे काका म्हणाले, “गाडी करून गेलता? आमच्या ज्वारीत येतात की. रात्री बसायचं होतं माझ्यासंगं.”

सिद्धटेकलाही गेलो. अष्टविनायकांतला नगर जिल्ह्यातला हा एकच गणपती, तोही याच तालुक्यात, भीमेच्या काठी, उजव्या सोंडेचा. पद गेलेल्या हरिपंत फडक्यांनी इथं एकवीस दिवस, रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि सेनापतिपद परत मिळवलं, अशी कथा सांगतात. हे मी बोळात सहज बोललो आणि घात झाला. साहेबांचं पद गेलंय, म्हणून ते आले आहेत, ही बातमी माझ्याआधी वाड्यात पोचली. आजींनी रात्री भाकरीवर तुपाची धार वाढवली.

एकादशी उजाडली. आषाढ वद्य, कामिका एकादशी. पंढरीची वारी आटोपली की पांडुरंग या दिवशी स्वतः गोदड महाराजांना भेटायला कर्जतला येतो, अशी इथली श्रद्धा. रथ निघतो, माणसं दोर धरून तो गावातून ओढतात. पांडुरंगाला इथं कुणी ‘काय कामानं आलाय’ विचारत नाही, याचा मला थोडा हेवा वाटला.

रथ वाड्यापासून नीट दिसतो, ही जाहिरातीत न छापलेली सोय. ती साऱ्या भावकीला मात्र ठाऊक होती. सकाळपासून लेकी, जावई, नातवंडं, लेकींच्या नणंदा, नणंदांचे शेजारी असे येत गेले. माझ्या खाटेवर तीन बाळं आडवी निजवली होती. खिडकीत जागा मिळेना म्हणून मी माळवदावर गेलो तर तिथं दुसऱ्या बोळातली माणसं आधीच बसलेली. “साहेबांना पुढं येऊ द्या,” कुणीतरी ओरडलं आणि मला कडेला, अगदी कडेला नेऊन उभं केलं. रथ आला. गलका, गुलाल, टाळ, ताणलेले दोर. मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण पायाखालची पांढरी माती हलली आणि खालून आजींचा आवाज आला, “अरे, माळवद आहे ते, पटांगण न्हाई!”

फराळाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी होती. खरी आमटी दुसऱ्या दिवशी. शिपी आमटी हा इकडचा पदार्थ. निरनिराळ्या डाळी एकत्र शिजवायच्या आणि काळ्या मसाल्यात त्यांना त्यांचं मूळ विसरायला लावायचं. भाकरी कुस्करून वरून ओतली. दुसऱ्या घासाला माझे कान गरम झाले, चौथ्याला डोळ्यांतून पाणी आलं. “पद मिळंल, साहेब,” एक जावई हळूच म्हणाले, “जीवाला लावून घेऊ नका.”

निघायच्या दिवशी भाड्याचा विषय काढला. आजी म्हणाल्या, “ते नातवाचं अन् तुमचं हापिसातलं. मला त्यातलं काय कळत न्हाई.” आणि पिशवीत ज्वारी घातली. नातवाचा मोबाइलवर निरोप आला, तोही इंग्रजीत: मुक्काम कसा वाटला, पाचपैकी किती तारे?

मी दारात चपला घालत होतो, तोच टोपीवाले एक बाबा कागद घेऊन पुढं आले. कुकडीच्या आवर्तनाचा अर्ज. येडगावच्या धरणातून सुटलेलं पाणी पारनेर, श्रीगोंदा करत कर्जतला येतं. वाटेत उरलं तर येतं.

“बाबा, मी साहेब नाही हो.”

“पद गेलेलं सगळेच असं म्हणतात,” ते शांतपणे म्हणाले. “आमच्यापुरतं लिहून तर द्या.”

ओसरीवर बसून लिहून दिलं. चांगला अर्ज झाला. ‘टेलच्या शेतकऱ्यांचा अंत पाहू नये’ असं एक वाक्यही घातलं. बाबांनी वाचून घेतला, घडी करून टोपीत ठेवला.

“मग कधी येऊ चौकशीला?”

“सोमवारी या,” मी म्हणालो.

बाबांनी वळून आजींकडं पाहिलं. “बघा, म्हणलं न्हवतं? इरिगेशनचेच आहेत.”