काकूंची बोट

काकू सिंगापूरहून मंगळवारी आल्या आणि गडग्यापाशी उगवल्या बुधवारी सकाळी. मधली एक रात्र त्यांनी तोंड मिटून कशी काढली, त्यांनाच ठाऊक. मी अंगणात आमसुलांना दुसरं पूट देत होते. हात लाल, पदर खोचलेला, आणि गडग्यावर काकूंची कोपरं टेकलेली.

"चार दिवस समुद्रात होते गो. पण समुद्र बघितला म्हणशील, तर टॉवेल वाळत घालायला गॅलरीत गेले तेवढाच. आणि तिथेही टॉवेल घालायचा नाही म्हणे, उडून खाली जातो."

ठाण्याचा मुलगा, सून, दहा वर्षांचा नातू, अडीच वर्षांची नात आणि काकू असा लवाजमा. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेट, परत सिंगापूर. सुनेने फेब्रुवारीतच फोन केला होता, "आई, तुम्ही आल्याशिवाय मजा नाही." तो फोन काकूंनी तेव्हा पाखाडीभर सांगितला होता.

"मला का नेलं, ते पहिल्याच संध्याकाळी कळलं," काकू आवाज उतरवून म्हणाल्या. सून आसपास नव्हती, तरी उतरवला. "बोटीवर मुलांसाठी क्लब असतो. चित्रं, नाटकं, प्रयोग, खजिन्याचा शोध, काय नाही ते. तिकिटातच सगळं, वेगळे पैसे नाहीत. रात्री दहापर्यंत पोरगं तिथे सोडायचं आणि आपण हिंडायचं. दहानंतर मात्र तासावर पैसे. पण घेतात कोणाला? तीन पूर्ण झालेल्याला. आणि डायपर सुटलेल्याला."

"म्हणजे छोटी…"

"अडीच! शिवाय डायपरवालं पोर तलावातही चालत नाही. त्यांच्यासाठी वेगळी जागा, खालून फवारे उडतात तेवढीच. म्हणजे नातू क्लबात, मुलगा-सून नाटकाला, आणि छोटी नि मी फवाऱ्यापाशी. कळलं ना आता?"

मला फेब्रुवारीतच कळलं होतं, पण शेजारधर्म म्हणून "अगंबाई!" म्हटलं.

तरी खरं सांगते, तक्रार करताना काकूंचे डोळे चमकत होते. केबिनमध्ये छतातून पलंग खाली उतरतो, त्यावर झोपायला नातवाने पाय आपटले. रोज संध्याकाळी खोली आवरणारा मुलगा टॉवेलाच्या घड्या घालून एखादा प्राणी करून ठेवी. एक दिवस हत्ती, एक दिवस हँगरला लटकलेलं माकड. माकड बघून छोटी रडायची थांबली, म्हणून काकूंनी त्याला दारातच थांबवून ते शिकून घेतलं. जेवायला इडलीपासून जैन भाजीपर्यंत सगळं. "वरणाला मात्र हिंग नाही," हा शेरा दोनदा झाला. चहाची विजेची किटली नेली होती, ती बोटीत चढतानाच काढून घेतली. आगीची भीती म्हणून इस्त्री, किटली काही चालत नाही. परतताना दिली, पण चार दिवस काकूंना बुडवायच्या पुडीचा चहा प्यावा लागला. सिंगापूरच्या सगळ्या हकिकतीत हे दुःख सर्वांत मोठं होतं.

"लागली नाही का गो बोट?" ओटीवरून आमच्या सासूबाईंनी विचारलं. वय शहाऐंशी, कान हवे तेव्हा चांगले.

"नाही हो. बोटीला म्हणे पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशासारखे पंख असतात, ते डोलू देत नाहीत. आणि खोली मधोमध, खालच्या मजल्यावर घेतली की आणखी कमी हलतं. नातवानेच सांगितलं."

तो नातू म्हणजे चालतंबोलतं वेळापत्रक आहे. मे महिना काढायला आजीबरोबर रत्नागिरीला आलाय. गडग्यावर चढून बसला आणि सुरूच झाला. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवासी बोटींतली एक आयकॉन ऑफ द सीज, फिनलंडच्या तुर्कूला बांधली, २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघाली, ३६५ मीटर लांब, वीस मजले, सात तलाव, सहा घसरगुंड्या. टायटॅनिक फक्त २६९ मीटर. बोटीवर चढायची भिंत आणि बर्फावर घसरायचं मैदान पहिल्यांदा आलं १९९९ साली, व्हॉयेजर ऑफ द सीजवर. डिस्नेची पहिली बोट १९९८ ची, तिचा भोंगा सिनेमातल्या गाण्याची धून वाजवतो. मी म्हटलं, "अरे, आपल्या मुंबईहून गोव्याला जाते ना एक, कॉर्डेलिया?" तर म्हणतो, "ती २०२१ मध्ये आली, पण बोट १९९० ची आहे, मावशी. जुनी आहे." माझं लग्न त्याच सुमाराचं. मी आमसुलं उलटवू लागले.

"आणि बिलाचं सांग ना आता," काकू म्हणाल्या, तोच तो गडग्यावरून उतरून पसार झाला. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. गळ्यात कार्ड, ते टेकवलं की झालं. व्हिडिओ गेमच्या खोलीत याने ते चार दिवस टेकवलं. शेवटच्या दिवशी हिशोबात दीडशे डॉलर. म्हणजे रुपयांत कितीतरी हजार! वर प्रत्येक डोक्यामागे रोजची बक्षिसी बिलातच लावलेली, अडीच वर्षांच्या डोक्यामागेसुद्धा. मुलगा काउंटरवर जाऊन भांडला. गेमच्या पैशाला मर्यादा घालता येते म्हणाले, पण ती आधी सांगून ठेवायची.

"आमच्या वेळी काय," सासूबाईंनी सूर लावला. आता भाऊचा धक्का येणार हे मला माहीत होतं, आणि आलाच. सकाळी भाऊच्या धक्क्यावर बोट गाठायची, वळकटी पसरून डेकवर जागा धरायची, आणि पोराला पदराच्या टोकाने पायाशी बांधायचं. "तोच आमचा क्लब. पोरं बंदरं मोजत यायची. हर्णै, दाभोळ, जयगड. मोजून झाली की ओकायची."

काकूंना एकदम आठवलं. "अहो, फुकेटला आमची बोट धक्क्याला लागलीच नाही. बाहेरच उभी राहिली, नि लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेलं!"

"म्हणजे आमच्या वेळचा पडावच की गो!" सासूबाई खूश. "एवढे पैसे भरून पडावातच बसलीस?"

पहिल्या दिवशी बोटीवर संकटकाळची कवायतही झाली म्हणे. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजतो, सगळ्यांनी आपापल्या ठरलेल्या जागी जायचं. लहान मुलांच्या मनगटावर त्या जागेचा नंबर लिहिलेली पट्टी, म्हणजे धावपळीत मूल कोणाच्याही हाती लागलं तरी नेमकं कुठे पोचवायचं ते कळतं. नातवाची पट्टी अजून मनगटावर आहे. आंघोळीलाही काढत नाही.

क्लबातून पोर न्यायला गेलं की सही करायची आणि ठरलेला शब्द सांगायचा. शब्द चुकला तर आजीलाही पोर मिळत नाही. काकूंचा चुकला होता. इंग्रजी शब्द, त्यातून छोटी कडेवर रडतेय. दहा मिनिटं दारात उभ्या. नातू आत रंगवत बसलेला, वळूनही बघेना.

ऊन चढलं. काकूंना भाताची आठवण झाली. नातू आमच्याच अंगणात शिरला होता, सासूबाईंच्या पायाशी बसून टॉवेलाचं माकड करत होता. आमच्या टॉवेलाला चौकड्या असल्यामुळे ते कैदी दिसत होतं. काकूंनी हाक मारली, "चल रे, जेवायला." तो उठला नाही. सासूबाईंकडे बघून कुजबुजला. त्या हसल्या आणि त्याचं पट्टीचं मनगट घट्ट धरून गडग्याकडे ओरडल्या,

"शब्द सांग गो आधी!"

काकू गडग्याला रेलल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या लाल हातांकडे, मग सुपाकडे.

"आमसूल?"

सासूबाईंनी नातवाला विचारलं. त्याने जरा विचार केला, आणि मान हलवली, नाही म्हणून.