खुर्ची आणि हँगर

नेतृत्वाचा पेच सोडवायचा असेल तर मानेसर गाठावे, हे आता देशाला कळून चुकले आहे. जुलै २०२० मध्ये राजस्थानातले नाराज आमदार इथल्याच रिसॉर्टात मुक्कामाला होते. एनएसजीचे कमांडो इथेच घडतात. आणि एरवी याच हिरवळींवर गुरुग्रामच्या कंपन्यांची नेतृत्व शिबिरे भरतात. गळ्यात ओळखपत्र, ताटात पनीर आणि पडद्यावर बोइंग. बोइंग हा या शिबिरांचा सत्यनारायण आहे. कथा तीच, अध्याय तेच, गुरुजी मात्र दर वेळी नवे आणि त्यांची दक्षिणा आधीच्यापेक्षा जास्त.

कथेचे सार गुरुजी ‘दूरदृष्टी’ या एका शब्दात सांगतात. त्यातल्या ‘दूर’ या भागाबद्दल आमची तक्रार नाही. बोइंगचा सारा इतिहास साहेबाची खुर्ची हँगरपासून किती दूर आहे, एवढ्यावरच मोजता येतो.

१९१६ मध्ये सिएटलला लाकडाचा व्यापारी विल्यम बोइंग याने कंपनी काढली. पुढे १९४५ ते १९६८ अशी २३ वर्षे बिल ॲलन हा वकील तिचा प्रमुख होता. अभियंताच हवा म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे, कारण ७०७ आणि ७४७ ही दोन्ही विमाने याच वकिलाच्या सहीने झाली. पण वकील बसायचा सिएटललाच. विमान कारखान्याबाहेर निघाले की त्याचा आवाज त्याच्या खिडकीत यायचा.

१९९७ मध्ये बोइंगने मॅक्डॉनेल डग्लस विकत घेतली. मॅक्डॉनेलने बोइंगच्याच पैशाने बोइंग विकत घेतली, असे सिएटलचे लोक तेव्हापासून म्हणतात. २००१ मध्ये फिल काँडिट यांनी मुख्यालय शिकागोला नेले, म्हणजे कारखान्यापासून सुमारे पावणेतीन हजार किलोमीटर. रोजच्या कटकटीपासून लांब बसले की मोठा विचार सुचतो, असा हिशेब असावा. दोन वर्षांत काँडिट गेले. त्यांच्या जागी आलेले हॅरी स्टोनसायफर २००५ मध्ये कंपनीतल्याच एका अधिकारी स्त्रीशी जुळलेल्या संबंधांमुळे गेले. जवळीक नडलेला बोइंगचा हा एकमेव साहेब. मग जिम मॅक्नर्नी आले, मूळचे जनरल इलेक्ट्रिकचे. २०११ मध्ये नवे विमान काढण्याऐवजी जुन्या ७३७ लाच नवी इंजिने लावायचे ठरले, ते त्यांच्याच काळात. त्याचे नाव मॅक्स. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन मॅक्स विमाने पडली, ३४६ माणसे गेली. या दोन वाक्यांवर विनोद होत नाही. तो पुढच्या वाक्यावर होतो: तेव्हाचे प्रमुख डेनिस म्युलेनबर्ग यांना कंपनीने काढले आणि जाताना त्यांच्या पदरात सुमारे ६ कोटी २० लाख डॉलर पडले. त्यांच्यानंतरचे डेव्हिड कॅल्हून, तेही जनरल इलेक्ट्रिकमध्ये वाढलेले. २०२२ मध्ये मुख्यालय आणखी पुढे, वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनला गेले. पेंटागॉन पायी जाण्याइतके जवळ आणि कारखाना देशाच्या दुसऱ्या टोकाला. जानेवारी २०२४ मध्ये उडत्या विमानाच्या भिंतीचा तुकडा निखळून पडला. ऑगस्टमध्ये केली ऑर्टबर्ग आले आणि मी सिएटलला राहणार म्हणाले. जगभर त्यांचे कौतुक झाले. साहेब कारखान्याच्या गावी राहणार ही बातमी होते, यातच काय ते आले.

मानेसरच्या पडद्यावर घरची कथा मात्र कोणी लावत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना १९३९ मध्ये प्रवासात विल्यम पॉली हा अमेरिकी विमानवाला भेटला आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत बेंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिथे जुळवलेले पहिले विमान उडाले. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना घरी पाठवले. कारखाना काढणाऱ्याला कारखान्यात सव्वा वर्षावर थोडे दिवस मिळाले. शिबिरवाले याला ‘वारसा नियोजन’ म्हणतील.

त्याच कारखान्यात कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे होते. गॉटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली डॉक्टरेट केलेला माणूस. भारतात आखलेले पहिले विमान एचटी-२ त्यांचे, ऑगस्ट १९५१ मध्ये उडालेले. त्यांच्यावर शिबिर भरल्याचे ऐकिवात नाही. ते रेखाटनाच्या टेबलाशी बसत, आणि त्या टेबलाचा फोटो पडद्यावर काही उठून दिसत नाही.

१९६४ मध्ये या कंपनीची हिंदुस्थान एरोनॉटिक्स (एचएएल) झाली, आपला ओझरचा कारखानाही तिच्यात आला. खुर्चीत वायुदलाची माणसे येऊ लागली. पी. सी. लाल, ओ. पी. मेहरा आणि आपले लक्ष्मण माधव कात्रे, तिघेही आधी एचएएलचे प्रमुख आणि मग वायुदलाचे. म्हणजे विमान उशिरा दिल्याबद्दल ज्याने दिलगिरी व्यक्त करायची, त्यानेच पुढे ती स्वीकारायची. इतकी सोयीची व्यवस्था बोइंगलाही जमली नाही. अलीकडे जुलै २०२२ अखेर आर. माधवन निवृत्त झाले, तेव्हा पूर्णवेळ माणूस नेमायला दिल्लीला दोन वर्षे लागली. तोवर वित्त संचालकांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ होता. शिकागोला जे साधायला इतकी वर्षे खपावे लागले, ते आपण एका शासकीय आदेशात उरकले.

आता आमच्या अंतराच्या सिद्धांतावर पाणी पडते ते इथेच, मानेसरला. मारुतीच्या कारखान्यात साहेब आणि कामगार यांचा गणवेश एक, कँटीन एक. तरी १८ जुलै २०१२ ला तिथे दंगल झाली आणि एका अधिकाऱ्याचा जीव गेला. शेजारी जेवणे वेगळे आणि शेजाऱ्याचे ऐकणे वेगळे. फूटपट्टी एवढीच लांब आहे.

पुन्हा एचएएलकडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये वायुदलाने तिच्याकडून ८३ तेजस मागवली, ७३ मार्क-१ए आणि १० प्रशिक्षण विमाने. पहिले मार्क-१ए मार्च २०२४ मध्ये मिळायचे होते. फेब्रुवारी २०२५ च्या एरो इंडिया या हवाई प्रदर्शनात हवाईदल प्रमुखांनी कॅमेरा चालू असताना एचएएलच्या लोकांना सांगून टाकले की आपला त्यांच्यावर भरवसा उरलेला नाही. ऑक्टोबरमध्ये नाशिकच्या ओझरहून एक मार्क-१ए उडाले, भाषणे झाली. उशीर का, असे विचारले की एचएएल अमेरिकेकडे बोट दाखवते: एफ-४०४ इंजिने वेळेवर आली नाहीत. ते खरेही आहे. ९९ इंजिने २०२१ मध्येच मागवली होती, त्यातले पहिले मार्च २०२५ मध्ये मिळाले. बनवणारी कंपनी जनरल इलेक्ट्रिक. तिच्या विमान-इंजिन विभागाचे एके काळचे प्रमुख जिम मॅक्नर्नी. या एकाच कंपनीने बोइंगला साहेब पुरवले आणि एचएएलला इंजिने. साहेब वेळेवर पोहोचले.