झोपचोर स्फोटलहरीस खुले पत्र

स्फोटलहरी,

तुला 'प्रिय' म्हणणं माझ्याने होणार नाही. तू भित्री आहेस. समोरून वार करत नाहीस आणि वार केल्याचं कबूलही करत नाहीस.

8 जानेवारी 2020 ला इराकमधल्या अल असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं कोसळली, तेव्हा अमेरिकी सैनिक बंकरमध्ये अंग चोरून बसले होते. एकही दगावला नाही. कुणालाही इजा नाही, असं वॉशिंग्टनहून त्याच दिवशी जाहीर झालं. तुझं काम तोवर उरकलं होतं. बंकरच्या भिंतींनी लोखंडाचे तुकडे अडवले, पण तू आत शिरलीस आणि कवटीवर ओरखडाही न उठवता मेंदू हादरवून गेलीस. मग जखमींचा आकडा 11, 34, 50, 64 असा चढत 110 वर पोहोचला. दरम्यान दावोसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ही डोकेदुखी आहे, फार गंभीर काही नाही, असं सांगून टाकलं. तुला फी न घेणारा वकील मिळाला! कित्येकांना जखमी सैनिकाचं पर्पल हार्ट पदक मिळायला 2021 चा डिसेंबर उजाडला.

शुद्ध अर्ध्या तासाच्या आत परतली आणि आठवणीतला खंड एका दिवसाहून मोठा नसला, तर डॉक्टरी मोजमापात मेंदूची इजा सौम्य ठरते. सीटी स्कॅनमध्ये बहुधा काही दिसत नाही. पण हे मोजमाप पहिल्या दिवसाचं आहे. पुढच्या रात्री कोण मोजतं?

त्या रात्री तुझ्या आहेत. सैनिक घरी परततो, पण डोळ्याला डोळा लागत नाही. लागलाच तर स्वप्नात दचकून उठतो. कुणाचा श्वास झोपेतच अडतो. झोप नाही म्हणून डोकं ठणकतं आणि डोकं ठणकतं म्हणून झोप नाही. दिवसा तो शब्द विसरतो, मुलांवर खेकसतो. डोळा लागावा म्हणून दोन पेग घेतो, आणि तीच दारू पहाटेची झोप मोडते. मग हा बिघडला, आळशी झाला, असं लोक म्हणतात. गुन्हा तुझा आणि बदनामी त्याची, हे मला सहन होत नाही.

2016 मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथले मेंदूविकृतितज्ज्ञ डॅनियल पर्ल यांच्या चमूने स्फोट सोसलेल्या मृत सैनिकांच्या मेंदूंत व्रण दाखवले: रक्तवाहिन्यांभोवती, आणि करडा व पांढरा भाग जिथे भेटतो तिथे. तुझे ठसे सापडले. पण ते सापडायला माणूस मरावा लागला.

सगळं नुकसान भरून येईलच असं नाही. झोप मात्र पुष्कळांची सुधारते. उठण्याची वेळ पक्की करणं, जाग असताना अंथरुणात न लोळणं अशा सवयी बसवणारे वर्तनोपचार आहेत; श्वास अडत असेल तर रात्री लावायचं सीपॅप यंत्र आहे. गोळ्यांची बाटली हातावर ठेवून बोळवण करण्याचं कारण नाही. माजी सैनिकाच्या तपासणीत पहिला प्रश्न रात्रीचा असावा, आणि तो शेजारी झोपणाऱ्या बायकोलाही विचारावा. त्याचा थांबलेला श्वास तिनेच ऐकलेला असतो.