बंडू मोठा होतो

आमचा बंडू गावठी. पार्किंगमधल्या स्कूटरखाली सापडला तेव्हा चपलेएवढा होता, आणि पहिला आठवडा चपलेवरच काढला. परवा वर्षाचा झाला. लस टोचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता पपी फूड बंद. मोठ्यांचं सुरू करा."

"काय फरक असतो?"

"पिल्लांच्या खाण्यात निदान 22.5 टक्के प्रथिनं लागतात, मोठ्यांना 18 पुरतात. चरबीही कमी. हाडं वाढायची थांबली की मग नुसतं पोट वाढतं," असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे का पाहिलं, कळलं नाही. लॅब्रॅडॉर असता तर दीड वर्षापर्यंत चाललं असतं म्हणे. मध्यम अंगाच्याला 12 महिने बास. फक्त एकदम बदलायचं नाही. आठ-दहा दिवस घ्यायचे. आधी पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण.

हिशेब सोपा होता. बंडूला तो मान्य नव्हता.

जुने दाणे वाटाण्याएवढे, गोल. नवे मोठे, तीन कोपऱ्यांचे. पहिल्या सकाळी ताटली लख्ख, आणि तिच्याभोवती लादीवर नव्या दाण्यांची रांगोळी. साहेब घास घ्यायचे, तोंडातल्या तोंडात निवडायचे आणि नको तो दाणा ओठाच्या कोपऱ्यातून अलगद सोडून द्यायचे, शेवग्याच्या शेंगेचा चोथा टाकावा तसा. मी मोजले. 22 दाणे, त्यांत गोल एकही नाही! आमची आई चष्मा लावून तांदूळ निवडते, तरी माझ्या दाताखाली आठवड्याला एक खडा येतोच.

दुसऱ्या दिवशी मी नवे दाणे खलबत्त्यात घेतले, तर बायको किंचाळली. कुत्र्याला लसूण चालत नाही, आणि आमच्या खलबत्त्यात लसणाशिवाय दुसरं काही कुटलं जात नाही. मग लाटण्याने चुरा केला. बंडूने वरचे गोल दाणे खाल्ले आणि चुऱ्यावर शिंकला.

चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. पाव भागावरून थेट पाऊण. भुकेला होता, खाल्लंन सगळं. रात्री अडीचला तो माझा कान चाटू लागला. लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावरून निघालो. दुसऱ्या मजल्यावरच निकाल लागला. पुढचा तास मी फिनेल आणि बादली घेऊन जिन्यात. सकाळी सेक्रेटरी भेटले ते खूश. नवा झाडूवाला चांगला मिळालाय, म्हणाले.

दोन दिवस भात आणि बिनमिठाचा उकडलेला भोपळा. मग पुन्हा पाव भागापासून श्रीगणेशा. "वरून कोमट पाणी घाला, वास सुटतो," डॉक्टर म्हणाले. वास सुटला, घरभर सुटला. बंडूने ताटली हुंगली आणि पाहुणे आमच्या कारल्याच्या भाजीकडे बघतात तसं बघितलं.

शेवटी आईच उठली. भिंतीला टेकून, पाय पसरून खाली बसली. 16 किलोंचा बंडू मांडीवर अर्धा मावला, अर्धा लादीवर सांडला. "हा घास चिऊचा..." चिऊचा गेला. काऊचा गेला. मग माऊचा, तो जरा गुरगुरत गेला, पण गेला. तीन कोपऱ्यांचे सगळे दाणे, न निवडता.

दहाव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "काय, खातो का आता मोठ्यांचं?"

"खातो की," मी म्हणालो. स्वयंपाकघरात आई नुकतीच चिऊच्या घासापाशी पोचली होती, म्हणून मी दार लोटून घेतलं.